कायमचा हंगामी : खालिद जमील आणि भारतीय प्रशिक्षकाची गोष्ट

(कुणकेश्वर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

आजचा विषय कळला तेव्हा आमच्या शेजारच्या एका तरुणाने मला थांबवून विचारलं, "सर, तुमी फुटबॉलार काय बोलतलास?" त्याच्या प्रश्नातला अविश्वास योग्यच होता. चाळीस वर्षं मी तत्त्वज्ञान शिकवलं. चेंडूला पाय लावून पन्नास वर्षं झाली असतील. पण मी गिरणगावातल्या चाळीत वाढलो, आणि त्या काळात सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर कूपरेज मैदानावर रोव्हर्स कपचे सामने बघायला जाणं ही आमची चैन होती. रोव्हर्स कप म्हणजे १८९१ साली सुरू झालेली स्पर्धा. सुरुवातीला गोऱ्या पलटणींची. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली, तेव्हा पहिल्यांदा तो कप भारतीयांच्या हाती आला. आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं तो हैदराबाद सिटी पोलीस या संघाने नेला. त्या संघाचे प्रशिक्षक एक शाळामास्तर होते, सय्यद अब्दुल रहीम. वडील हे नाव घेताना आवाज खाली आणायचे. मी जन्मलो साधारण त्याच सुमारास, म्हणजे मी काही ते सामने पाहिले नाहीत. पण ऐकलं इतक्या वेळा की पाहिल्यासारखंच झालं आहे.

आज मला बोलायचंय ते एका अशा माणसावर, जो मधल्या फळीत खेळला, पुढे प्रशिक्षक झाला, आणि ज्याच्या नावापुढे आपल्या व्यवस्थेने वर्षानुवर्षं एकच विशेषण लावलं: 'हंगामी'. खालिद जमील. पण त्याच्याकडे यायला मला जकार्ताचा वळसा घ्यावा लागेल. घेऊ द्या.

१९६२ ची आशियाई स्पर्धा. भारतीय संघाचे प्रशिक्षक रहीम मास्तर. त्यांना कर्करोग झालेला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला ०-२ असं हरवलं. मग थायलंड, जपान, दक्षिण व्हिएतनाम यांना हरवत आपण अंतिम सामन्यात आलो, आणि समोर पुन्हा कोरियाच. आता रहीम यांनी काय केलं ते बघा. जर्नेल सिंग हा आशियातला अव्वल बचावपटू. त्याच्या डोक्याला मार लागून टाके पडलेले. रहीम यांनी त्याला मागून काढलं आणि थेट आघाडीवर, सेंटर फॉरवर्डच्या जागी उभं केलं. ४ सप्टेंबर १९६२. भारत २, दक्षिण कोरिया १. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल सिंगचा. त्या संघाच्या मधल्या फळीत आपल्या शेजारचा, गोव्यातल्या कोलवाळचा, फोर्तुनातो फ्रँको होता. मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळायचा. रहीम पुढच्या वर्षी जूनमध्ये गेले. फुटबॉलमधलं आशियाई सुवर्णपदक त्यानंतर आपल्याला कधी मिळालेलं नाही.

इथे बसलेल्यांना हे नवं वाटू नये. आपल्याकडे दशावतारात काय होतं? नाटकाची लिहिलेली संहिता नाही. रात्री पेटारा उघडतो, कोण काय करणार ते ठरतं. राजपार्ट करणारा आजारी पडला तर काल स्त्रीपार्ट केलेला माणूस आज राजा होतो, आणि संवाद जागेवर रचतो. त्याला ते जमतं, कारण रोज रंगमंचावर असताना त्याने फक्त स्वतःचं बोलणं ऐकलेलं नसतं, समोरच्याचंही ऐकलेलं असतं. खेळात अशा माणसाला हरहुन्नरी म्हणतात.

कोरियात असा एक माणूस होऊन गेला, यू सांग-चुल. कोरियाच्या लीगमध्ये वर्षाअखेरी सर्वोत्तम अकरा निवडतात. त्या यादीत हा १९९४ साली बचावपटू म्हणून आला, १९९८ साली मधल्या फळीतला म्हणून, आणि २००२ साली आघाडीवीर म्हणून. एकच माणूस, तीन जागा! २००२ च्या विश्वचषकात कोरियाने पोलंडला २-० असं हरवून विश्वचषकातला आपला पहिला विजय मिळवला, त्यातला दुसरा गोल याचा. पुढे प्रशिक्षक झाला. २०१९ साली इंचॉन युनायटेड हा संघ खालच्या विभागात घसरण्याच्या कडेवर होता, तेव्हा तो त्याच्या हाती आला. हंगाम संपता संपता कळलं की स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. तरी बाजूला उभा राहून त्याने संघ वाचवला. २०२१ च्या जूनमध्ये वारला, पन्नाशीही गाठली नव्हती. जकार्तात हरलेल्या देशातही एक रहीम निघाला, असं मी मनातल्या मनात म्हणतो. यात इतिहासाचा नियम वगैरे काही नाही. फक्त सारखेपणा डोळ्यांत भरतो.

असो. आता आपल्या माणसाकडे येऊ.

खालिद जमीलचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आई-वडील भारतीय, मूळ पंजाबी. इथे सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कुवेत म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक वाडीत एखादं घर आखाताच्या पैशावर उभं आहे. १९९० साली सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि आपली माणसं हातातल्या बॅगेनिशी अम्मानला पोहोचली. तिथून एअर इंडियाने सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना परत आणलं. त्या युद्धाच्या काळात हे कुटुंबही मुंबईला आलं. आणि पुढे हा मुलगा खेळला कुणाकडून, तर एअर इंडियाकडूनच. महिंद्रकडून सुरुवात, मग एअर इंडिया, मग पुन्हा महिंद्र युनायटेड. मधल्या काळात भारताची जर्सीही मिळाली.

त्या वेळच्या मुंबईतलं फुटबॉल कसं होतं ते तरुणांना सांगायला हवं. ते नोकरीचं फुटबॉल होतं. टाटा, मफतलाल, ओएनजीसी, एअर इंडिया, महिंद्र. सकाळी सराव, नंतर कार्यालयात सही, महिन्याला पगार. पैसा मोठा कलकत्त्यात होता. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही क्लबांनी त्याला बोलावलं होतं असं सांगतात. पण त्या काळात दोघांच्याही छातीवर मद्य कंपन्यांची नावं होती. याने नकार दिला आणि मुंबईतच राहिला. मी नीतिशास्त्र शिकवलेलं आहे, त्यामुळे अशा नकारावर व्याख्यान झोडण्याचा मोह होतो. आवरतो. एवढंच सांगतो की याबद्दल त्याने स्वतः कधी ढोल वाजवला नाही.

तो खेळायचा मधल्या फळीत, बचावाच्या बाजूने. ही जागा काय असते? आघाडीवीराने गोल केला की तो दिसतो. गोलरक्षकाने चेंडू अडवला की तोही दिसतो. मधल्या फळीतला हा माणूस चेंडू गोलपर्यंत पोहोचूच देत नाही, म्हणजे जे घडायचं होतं ते घडत नाही. न घडलेली गोष्ट डोळ्यांना कशी दिसणार? आपल्या मीमांसकांना हा प्रश्न पडला होता. समोर जमिनीवर घडा नाही, हे मला कशाने कळतं? डोळ्यांना तर फक्त जमीन दिसते. कुमारिल भट्टाची परंपरा म्हणते, अभाव कळण्यासाठी एक वेगळं प्रमाण मानावं लागतं: अनुपलब्धी. घडा असता तर दिसला असता. दिसत नाही, म्हणून नाही. नैयायिकांना हे मान्य नव्हतं, त्यांचा वाद शतकानुशतकं चालला. पण मला वाटतं, बचावात्मक मिडफिल्डर हा अनुपलब्धीनेच कळणारा प्राणी आहे. तो ज्या दिवशी मैदानात नसतो, त्या दिवशी कळतो.

(हसू नका, हे मी वर्गातही सांगितलं असतं. तेव्हा सुचलं नाही.)

आणि हा माणूस दुखापतींमुळे वारंवार मैदानात नसायचा. २००५-०६ साली महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली, प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. खालिद त्या क्लबात होता. मग २००७ साली मुंबई एफसी नावाचा नवा क्लब निघाला, तो तिथे गेला. पण शरीर साथ देईना. २००९ साली खेळणं संपलं आणि त्याच वर्षी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच क्लबाचा तो प्रशिक्षक झाला. त्याच्या आधी तिथे डेव्हिड बूथ हा इंग्रज होता.

सात हंगाम तो मुंबई एफसीत राहिला. या सात वर्षांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण सांगण्यासारखं काही जिंकलं नाही. पण मला वाटतं माणूस तिथेच घडला. पैसा कमी, खेळाडू दुय्यम समजले गेलेले, प्रेक्षक मोजके. दर वर्षी एकच काम: घसरायचं नाही. आणि सात वर्षांत संघ घसरला नाही. खेळ देखणा नव्हता, मीही कबूल करतो. मागे दाटी करायची, संधी आली की धावायचं. मुंबईचे पत्रकार नाकं मुरडायचे. पण ज्याच्या खिशात चार आणे आहेत त्याने बाजार कसा करावा, हे शहाणपण पुस्तकात मिळत नाही. ॲरिस्टॉटल ज्याला व्यवहारज्ञान म्हणतो, शास्त्रापेक्षा वेगळं आणि कौशल्यापेक्षाही वेगळं, ते हे. त्याची अट एकच आहे, ते सवयीने आणि वयाने येतं. घाईने येत नाही.

या काळात आजूबाजूला काय चाललं होतं? महिंद्र युनायटेड २०१० साली बंद. पंजाबचा जेसीटी २०११ साली बंद. पुण्यातले क्लब २०१५ नंतर एकेक करून गेले. २०१६ साली गोव्यातले साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे तीन मातब्बर क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, कारण २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला मुख्य लीग करायचं घाटत होतं आणि या जुन्या क्लबांना त्यात स्थान दिसत नव्हतं. हे सगळं मी तारखांसह सांगतोय कारण पुढची गोष्ट या पडझडीतूनच निघते.

मिझोरमचा ऐजॉल एफसी हा क्लब २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून घसरला होता. नियमाप्रमाणे खाली गेला. पण गोव्याचे क्लब बाहेर पडले, जागा रिकाम्या झाल्या, म्हणून त्याला परत वर घेतलं. त्याच उन्हाळ्यात मुंबई एफसीने खालिदला निरोप दिला. म्हणजे नको असलेला क्लब आणि नको असलेला प्रशिक्षक एकत्र आले. जाताना त्याने मुंबई एफसीतले दोन खेळाडू बरोबर नेले: जयेश राणे आणि आशुतोष मेहता.

आता कल्पना करा. कुवेतमध्ये जन्मलेला पंजाबी मुसलमान, मुंबईत वाढलेला. डोंगरमाथ्यावरच्या ख्रिस्ती मिझो शहरात गेला. संघात बहुतेक पोरं मिझो. त्यांच्याबरोबर सीरियाचा अल अमना, लायबेरियाचा जारियन, आयव्हरी कोस्टचा कामो, गोव्याचा गोलरक्षक आल्बिनो गोम्स, मुंबईचा राणे. भाषा किती झाल्या मोजा. आपल्याकडे 'एकात्मता' हा शब्द शाळेच्या भिंतीवर रंगवतात. तिथे तो रोज सकाळी सरावाला यायचा, आणि एकमेकांना हातवारे करून समजावून सांगायचा.

अपेक्षा होती की ऐजॉल पुन्हा घसरेल. समोर मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळूरु. हंगाम पुढे सरकला आणि ऐजॉल वरच राहिला. एप्रिलच्या शेवटी, म्हणजे २२ एप्रिल २०१७ रोजी, ऐजॉलमध्ये मोहन बागानशी सामना. शेवटची काही मिनिटं उरलेली असताना झोहमिंगलियाना राल्ते या बचावपटूने डोक्याने गोल मारला. १-०. त्या गोलने लीगचं पारडं फिरलं. आठ दिवसांनी, ३० एप्रिलला, शेवटचा सामना शिलाँगमध्ये लाजाँगशी. बरोबरी पुरेशी होती. लाजाँगने सुरुवातीलाच गोल केला. तासभर ऐजॉल मागे. तिकडे कलकत्त्यात मोहन बागानचा सामना चालू. ऐजॉल हरला आणि ते जिंकले तर कप त्यांचा. मग उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. १-१. सामना संपला. ऐजॉल ३७ गुण, मोहन बागान ३६.

ईशान्येतल्या कुठल्याही क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. घसरलेला संघ पुढच्याच वर्षी विजेता! आणि त्याच हंगामात तळाला कोण होतं? मुंबई एफसी. ज्याने खालिदला सोडलं, तो सात वर्षं त्याने न घसरू दिलेला क्लब त्याच्यामागे पहिल्याच वर्षी घसरला, आणि काही महिन्यांत बंद पडला. मघाशी अनुपलब्धी म्हणालो ना, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

आता कुणालाही वाटेल की अशा माणसाच्या दारात मोठ्या क्लबांची रांग लागली असेल. कलकत्त्याचे दोन्ही क्लब आले. ईस्ट बंगालमध्ये एक हंगाम, संघ चौथा. मग २०१९ च्या जानेवारीत मोहन बागानने अर्ध्यावर बोलावलं. पण तोवर देशातली मुख्य लीग इंडियन सुपर लीग झाली होती, आणि तिथले मुख्य प्रशिक्षक परदेशी. स्पॅनिश, पोर्तुगीज, इंग्रज, क्रोएशियन. भारतीय प्रशिक्षकासाठी जागा होती ती सहायकाची. खालिद नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक झाला. आय-लीग जिंकलेला माणूस शेजारच्या खुर्चीत बसला. २०२० च्या सुरुवातीला मुख्य प्रशिक्षकाला काढलं, खालिद हंगामी. पुढच्या मोसमात नवा परदेशी प्रशिक्षक आला, खालिद पुन्हा सहायक. २०२१ च्या जानेवारीत त्यालाही काढलं, खालिद पुन्हा हंगामी. आणि मग उरलेल्या साखळीत संघ एकही सामना हरला नाही. तिसरा क्रमांक, उपांत्य फेरी. तिथे मोहन बागानने थोडक्यात हरवलं.

गोव्यातही तेच. क्लिफर्ड मिरांडा, धेंपोचा नावाजलेला मिडफिल्डर. २०२० च्या जानेवारीअखेर एफसी गोवाने स्पॅनिश प्रशिक्षक लोबेरा यांना काढलं, आणि क्लिफर्डला हंगामी केलं. त्याने उरलेले तिन्ही साखळी सामने जिंकले, शेवटचा जमशेदपूरविरुद्ध ५-०. गोवा साखळीत पहिला, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब. पुढच्या मोसमात प्रशिक्षक? पुन्हा स्पॅनिश. २०२३ साली ओडिशा एफसीने क्लिफर्डला हंगामी म्हणून नेमलं, त्याने सुपर कप जिंकून दिला. त्यानंतर तिथे प्रशिक्षक कोण आला, तर पुन्हा लोबेराच! मी काही परदेशी प्रशिक्षकांच्या विरोधात नाही. लोबेरा उत्तमच. पण आग लागल्यावर ज्याला हाक मारायची, त्याला घर राखायला द्यायचं नाही, हा कुठला हिशेब?

इथे मला स्वतःबद्दल थोडं बोलावं लागेल. मी नोकरीची पहिली चार वर्षं रजेच्या जागेवर काढली. दर एप्रिलमध्ये काम संपायचं, जूनमध्ये पुन्हा पत्र यायचं. महाविद्यालयाचं नाव घेण्यात अर्थ नाही, तेव्हा सगळीकडेच तसं होतं. हंगामी माणूस वर्गात उभा राहतो तेव्हा मुलांना ते कळतं. शिपायालाही कळतं. चूक करण्याची मुभा त्याला नसते. आणि जो चूक करू शकत नाही तो नवं काही करू शकत नाही. हे सगळं भोगलेला मी. आणि वीस वर्षांनी मी निवड समितीत बसलो, तेव्हा समोर दोन उमेदवार होते. एक आमच्याच विभागात वर्षानुवर्षं तासांवर शिकवणारा, मुलांचा लाडका. दुसरा परदेशातून पदवी घेऊन आलेला. मी मत दिलं परदेशातल्या पदवीला. वाद घातला नाही, कागद बघितले आणि सही केली. तो परतलेला माणूस वाईट नव्हता. दोन वर्षांत चांगल्या जागी निघून गेला. आमचा तासांवरचा माणूस त्या निवडीनंतर शिकवणं सोडून गेला. म्हणून क्लब मालकांना शिव्या घालताना माझी जीभ अडखळते. आपल्याला घरचा माणूस ओळखीचा असतो, त्याचे दोष पाठ असतात. बाहेरच्याचे दोष अजून दिसायचे असतात. आपण त्या न दिसण्यालाच गुण समजतो.

तर, २०२१ च्या ऑक्टोबरात नॉर्थईस्टने त्याला पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक केलं. इंडियन सुपर लीगमधला पहिला भारतीय. लीग सुरू होऊन सात वर्षं झाली होती. आणि तो मोसम कसा गेला? वाईट. अकरांत दहावा. हे लपवायचं नाही. त्यानंतर तो गेला बंगळूरुच्या एका खालच्या विभागातल्या क्लबात. मला हे फार आवडतं. चाळीस ओलांडलेला, लीग जिंकलेला प्रशिक्षक पुन्हा छोट्या मैदानावर जातो. तिथून जमशेदपूरने बोलावलं, २०२३ संपत असताना, पुन्हा बुडतं जहाज. पुढच्या मोसमात जमशेदपूर पाचवा आला, उपांत्य फेरीत मोहन बागानकडून एका गोलने हरला, आणि २०२५ च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे गोव्याने ३-० हरवलं.

आणि मग राष्ट्रीय संघ. इथे जरा थांबू, कारण यात थोडा विनोदही आहे.

भारतीय संघाचा शेवटचा भारतीय प्रशिक्षक होता साविओ मेदेइरा, साळगावकरचा जुना खेळाडू, गोव्याचाच. २०११ च्या डिसेंबरात त्याने दिल्लीत सॅफ स्पर्धा जिंकून दिली, अंतिम सामन्यात अफगाणिस्तान ४-०. तीन महिन्यांनी काठमांडूला एएफसी चॅलेंज कपात तिन्ही सामने हरलो, एकही गोल झाला नाही. साविओ गेला. मग डच, इंग्रज, क्रोएशियन, स्पॅनिश. तेरा वर्षं. शेवटचे मानोलो मार्केझ, त्यांच्या काळात आठ सामन्यांत एक विजय. २०२५ च्या जुलैत ते गेले आणि महासंघाने अर्ज मागवले. १७० अर्ज आले. त्यांत बार्सिलोनाचा झावी याच्या नावाचा अर्ज होता, ग्वार्डिओलाच्या नावाचाही होता! देशभर बातमी, झावी परवडत नाही म्हणून बाजूला ठेवला. मग कळलं, दोन्ही ईमेल खोटे, कुणीतरी गंमत केलेली. तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात रस का वाटावा? कारण नसलेल्या झावीची चर्चा असलेल्या खालिदपेक्षा जास्त झाली.

१ ऑगस्ट २०२५ ला खालिदची नेमणूक झाली. वेळ कोणती? सुपर लीगच स्थगित झालेली. व्यापारी कराराचा घोळ, पुढचा मोसम होणार की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मोहन बागानने शिबिरासाठी खेळाडू सोडले नाहीत. सुनील छेत्री पहिल्या संघात नव्हता. अशा स्थितीत ताजिकिस्तानात काफा नेशन्स कपला गेले, आणि २९ ऑगस्टला यजमानांनाच २-१ हरवलं. गुरप्रीतने पेनल्टी अडवली. इराणकडून ०-३. अफगाणिस्तानशी बरोबरी. मग तिसऱ्या क्रमांकासाठी ओमान, क्रमवारीत आपल्यापेक्षा पन्नासेक जागा वर. १-१, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये आपण ३-२. कांस्य. इथल्या पोरांनी मोबाईलवर बघितला असेल तो सामना.

आता दुसरी बाजू. आशियाई चषकाची पात्रता. मार्केझच्या काळात दोन सामन्यांत एकच गुण मिळालेला होता, म्हणजे पोतं आधीच फाटलेलं. ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच झिंगनला लाल कार्ड, दहा माणसं, आणि नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. पाच दिवसांनी परतीचा सामना मडगावला, फातोर्ड्याला. इथून गाडीने काही तासांवर. छांगतेने चौदाव्या मिनिटाला सुंदर गोल केला, आणि मला वाटलं जमतंय. मग सिंगापूरच्या एका मिडफिल्डरने विश्रांतीच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन गोल मारले. १-२. आपण आशियाई चषकातून बाहेर. तो मिडफिल्डर कोण? सोंग उई-यंग. जन्माने कोरियन, इंचॉनचा, पुढे सिंगापूरचा नागरिक झालेला. ज्या इंचॉनचा क्लब यू सांग-चुलने शेवटच्या दिवसांत वाचवला, त्याच शहरातला. इतिहासाला विनोदबुद्धी असते असं म्हणायचा मोह होतो. पण त्या रात्री हसू आलं नाही.

नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडूनही ०-१. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मग जे व्हायचं ते झालं. 'देशी प्रशिक्षकाला झेपत नाही', 'बचावात्मक खेळतो', 'पुन्हा परदेशी आणा'. त्यातली टीका काही अंशी रास्त आहे. ढाक्याला संघ गोंधळलेला होता, गोल कुठून येणार याचं उत्तर नव्हतं, आणि ती जबाबदारी प्रशिक्षकाचीच. मी त्याचा वकील नाही. पण साविओला जेव्हा काठमांडूने संपवलं, तेव्हा आपण त्याला काय शिकलं हे विचारलं नाही. नवा माणूस आणला आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. परदेशी प्रशिक्षक हरला की आपण म्हणतो, नियोजन चुकलं. आपला हरला की म्हणतो, आपल्याला जमतच नाही. तर्कशास्त्रात एका उदाहरणावरून व्याप्ती बांधत नाहीत; पहिल्या वर्षाच्या मुलाचेही मी त्यात गुण कापायचो. रहीम मास्तर जकार्तात पहिला सामना हरले होते. तेव्हा मोबाईल नव्हते, म्हणून त्यांना दुसरा सामना मिळाला, असं एखाद्याने म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

बोलण्याची वेळ संपत आली. मघाशी येताना बघितलं, देवळासमोर ओहोटीच्या पुळणीवर पाच-सहा पोरं खेळत होती, चपला ठेवून गोल केलेला. एक मुलगा मधे उभा राहून दोन्ही बाजूंना ओरडत होता, स्वतः चेंडूला फारसा पाय लावत नव्हता. कुणाचा आहे तो, मला नंतर सांगा.

प्रश्न असतील तर घेऊ. माईक आधी मागच्या रांगेत द्या, पुढचे लोक माझे नातेवाईक आहेत.